चासी प्रिंट आधी, रंग नंतर

जग्वार एक्सके १२० बघायला आलेल्या माणसाने खिशातून लोहचुंबक काढला, तर मालकाने राग मानू नये. १९४८च्या ऑक्टोबरात लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा मांडली, तेव्हा ती फारशी खपेल अशी जग्वारच्या विल्यम लायन्स यांची अपेक्षा नव्हती. म्हणून सुरुवातीच्या सुमारे २४० गाड्यांची बॉडी ॲश लाकडाच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवून, हाताने बनवली. मागणीचा लोंढा आला आणि १९५०पासून कंपनीला प्रेसमधून निघालेल्या पोलादी बॉडीकडे वळावं लागलं. ॲल्युमिनियमच्या गाड्या थोड्या, त्यामुळे आज त्यांचा भाव वेगळा आणि त्यांच्याबद्दलच्या थापाही वेगळ्या. पोलादी बॉडीच्या गाड्यांनाही दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचंच राहिलं होतं. हे ठाऊक नसलेला माणूस दाराला चुंबक लावतो, तो घसरतो, आणि ‘ॲलॉय बॉडी’ सापडल्याची बातमी संध्याकाळपर्यंत गावभर होते. चुंबक लावायचा तो मडगार्डला. तिथेही एकाच जागी लावून भागत नाही, कारण आपल्याकडच्या डेंटरने बोटभर पुट्टी भरलेली असेल तर खालच्या पोलादालाही चुंबक धरत नाही. मडगार्डची आतली, चाकाकडची बाजू चाचपावी. तिथे पुट्टी भरायचे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

मूळ स्पेसिफिकेशन शोधणं म्हणजे ही असली कामं. त्यात पहिला घोटाळा होतो तो मॉडेल आणि गाडी यांच्यात. कॅटलॉग मॉडेलबद्दल बोलतो: ३४४२ सीसी, सहा सिलिंडर, दोन एसयू कार्ब्युरेटर, १६० हॉर्सपॉवर. आपल्यासमोर उभी असलेली गाडी मात्र एकच असते. ती अमुक दिवशी, अमुक इंजिन घेऊन, अमुक रंगात कारखान्यातून बाहेर पडलेली असते. तिचं मूळ रूप त्या दिवसाचं. कॅटलॉगमध्ये जे सर्वांत भारी छापलं असेल ते सगळं आपल्या गाडीत असायलाच हवं, असा मालकांचा हट्ट असतो आणि रिस्टोरेशनचे निम्मे पैसे त्या हट्टापायी जातात. खुद्द कंपनीनेही लोकांच्या डोळ्यांत थोडी धूळ फेकली होतीच. मे १९४९मध्ये बेल्जियममधल्या याब्बेकच्या रस्त्यावर या गाडीने ताशी १३२ मैलांच्या वर वेग गाठून दाखवला, पण तेव्हा समोरची काच काढलेली होती आणि पोटाखाली हवा कापायला पत्रा लावलेला होता.

सुरतेच्या माणसाला हे समजावणं तसं सोपं. महिधरपुऱ्याच्या हिरा बाजारात मोठा दगड आला की त्याच्यासोबत प्रयोगशाळेचा कागद येतो आणि त्या कागदावरचा नंबर दगडाच्या कमरेवर लेझरने कोरलेला असतो. घेणारा भिंग लावून आधी तो नंबर जुळवतो आणि मगच कागदावरच्या रंग-शुद्धतेवर बोलतो. गाडीच्या बाबतीत जुळवायच्या जागा तीन: धातूवर ठोकलेला नंबर, फायरवॉलवरची पाटी आणि कंपनीच्या दप्तरातली नोंद. फरक एवढाच, की हिऱ्याची कमर कोणी ग्राइंडरने घासत नाही.

एक्सके १२०च्या पाटीवर चार नंबर असतात: चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स. पाटी रिव्हेटने लावलेली असते. म्हणजे ती काढताही येते आणि नवी करूनही लावता येते. म्हणून एकट्या पाटीला पुरावा मानत नाहीत. चासीचा नंबर सांगाड्याच्या लोखंडावर ठोकलेला असतो. इंजिनचा नंबर ब्लॉकच्या उजव्या अंगाला, ऑइल फिल्टरच्या वर मिळतो, आणि तोच पुन्हा सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाला असतो. या दोन जागांचे नंबर वेगळे निघाले तर हेड बदललेलं आहे. लपवण्यासारखं त्यात काही नाही. ॲल्युमिनियमची हेड सत्तर वर्षांत गंजतात, तडकतात, गरम होऊन वाकतात. पण विकणारा ‘सगळं मॅचिंग नंबर्स’ म्हणत असेल तर ही जागा बघावी.

चासी नंबर स्वतःच बरंच काही सांगतो. उजव्या स्टिअरिंगच्या उघड्या टू-सीटरची मालिका ६६०००१पासून सुरू झाली, डाव्या स्टिअरिंगची ६७०००१पासून. १९५१मध्ये आलेल्या पक्क्या टपाच्या कूपेला उजव्या हातासाठी ६६९००१पासूनचे आकडे, १९५३च्या घडीच्या टपाच्या गाडीला ६६७००१पासूनचे. १९५४पर्यंत सुमारे बारा हजार एक्सके १२० झाल्या. त्यातल्या साडेसात हजारांहून जास्त उघड्या टू-सीटर आणि त्यांत उजव्या स्टिअरिंगच्या बाराशेच्याही आत, कारण माल बहुतेक अमेरिकेला जात होता. भारतात नवी आलेली गाडी साहजिकच उजव्या मालिकेतली असणार. स्टिअरिंग उजवीकडे आणि चासी नंबर मात्र ६७ने सुरू होणारा, अशी गाडी दिसली की ती डावीची उजवी केलेली आहे असं समजावं. अशी रूपांतरं जगभर झाली आहेत आणि चांगलीही झाली आहेत. त्यांची किंमत वेगळी, एवढंच.

इंजिन नंबरात एक्सके १२०ला आधीच्या काळात डब्ल्यू आणि नंतरच्या काळात एफ हे अक्षर येतं. याच जातीचं इंजिन मार्क सेव्हन या मोठ्या सलूनमध्येही होतं, त्याच्या नंबरांची अक्षरं निराळी. दुरून दोन्ही इंजिनं जुळी भावंडं वाटतात आणि सलूनचं इंजिन स्पोर्ट्स गाडीत बसतंही. त्यामुळे अक्षर पाहिल्याशिवाय बॉनेट बंद करू नये.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नंबराच्या शेवटी, आडव्या रेघेनंतर येणारा एक आकडा. ८ असेल तर कॉम्प्रेशन रेशो आठास एक, ७ असेल तर सातास एक. युद्धानंतरच्या काळात अनेक देशांत मिळणारं पेट्रोल हलक्या ऑक्टेनचं होतं. आठाच्या कॉम्प्रेशनला ते जड जायचं आणि इंजिन ठोकायला लागायचं. म्हणून कंपनी सातवालं इंजिनही देत असे, १६०च्या जागी साधारण १५० हॉर्सपॉवरचं. आता कोणाच्या गाडीवर ७ निघाला तर तो त्या गाडीचा अस्सल आकडा. दहा घोडे कमी म्हणून खट्टू होऊन आठाचे पिस्टन घालणारे आहेत. आजच्या पेट्रोलवर ते चालतीलही, गाडी थोडी चपळही होईल. मात्र मूळ स्पेसिफिकेशनला आणली असं नंतर सांगू नये, कारण ब्लॉकवरचा ७ पुसला जात नाही.

आता हे नंबर वाचायचे कसे? इथे घाई नडते. सत्तर वर्षांचं ग्रीस, धूळ आणि तीन-चार रंगांचे थर यांच्याखाली आकडे गाडलेले असतात. गॅरेजमधला पोऱ्या उत्साहाने वायरब्रश किंवा ग्राइंडर घेऊन येतो, आणि दोन मिनिटांत जे जातं ते पुन्हा मिळत नाही. रॉकेल, फडकं आणि जुना टूथब्रश एवढं पुरतं. रंगाचा थर असेल तर पेंट रिमूव्हर लावून सोडून द्यावं आणि पुसून घ्यावं. मग टॉर्च समोरून न धरता बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून धरावा. तिरक्या उजेडात ठोकलेल्या आकड्यांच्या कडा सावल्यांनी उठून दिसतात. शेवटी पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची. आरटीओच्या कामासाठी एजंट जी चासी प्रिंट काढतो तीच ही. हा कागद तारीख घालून ठेवून द्यावा. आकड्यांची अंतरं, एखाद्या ठशाचा मोडलेला कोपरा, ६ आणि ९ यांची वळणं हे सगळं त्यात उतरतं. नंतर कोणी नवे ठसे ठोकले असतील तर जुन्या गाड्यांच्या छापांशी ताडून ते ओळखताही येतं. आजूबाजूचं लोखंड खडबडीत आणि नंबराखालचं तेवढंच गुळगुळीत असेल तर पहिला संशय तिथेच घ्यायचा.

रंगाचंही तसंच. बाहेरचा रंग बदललेला असतो, पण डॅशबोर्डच्या मागे, दाराच्या पॅनेलच्या आत, पाटीच्या खाली जुना रंग शिल्लक सापडतो. तिथे रुपयाएवढ्या जागेवर बारीक पाणी-पेपर हळूहळू गोल फिरवला की थर कड्यांसारखे उघडे पडतात: सर्वांत वर अलीकडचा लालभडक, मग कधीचा तरी काळा, मग पांढरा आणि तळाशी प्रायमरला लागून एखादा फिकट हिरवा. स्वीड ग्रीन, पेस्टल ब्लू, बर्च ग्रे हे त्या काळातले जग्वारचे शांत रंग. आपल्याकडे स्पोर्ट्स कार म्हणजे लालच हवी असा समज असल्यामुळे यांतल्या किती गाड्यांवर लाल चढला असेल कोण जाणे. ल्युकासच्या डायनामो, स्टार्टर, डिस्ट्रिब्युटरवर महिना आणि साल ठोकलेलं असायचं. हे भाग चासीच्या तारखेच्या काही महिने आधीचे असतील तर ते जागचे जागी आहेत असं धरता येतं.

दोन-तीन खुणा नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. मागची चाकं अर्धी झाकणारे पत्रे असतील तर गाडी पोलादी डिस्कच्या चाकांची. तारेच्या चाकांच्या हबचे कान बाहेर येतात, त्यांच्यावर ते पत्रे बसत नाहीत. स्पेशल इक्विपमेंट नावाच्या जास्त ताकदीच्या गाडीला तारेची चाकं, दोन सायलेन्सर, जास्त उचलीचे कॅमशाफ्ट, कडक टॉर्शन बार आणि १८० हॉर्सपॉवर मिळत. या सगळ्या वस्तू आज बाजारात विकत मिळतात. कारखान्यातून तशी निघालेल्या गाडीच्या चासी नंबराआधी मात्र एस असतो, आणि तो एस कंपनीच्या नोंदीतही सापडावा लागतो.

ही नोंद इंग्लंडात आहे. जग्वार-डेम्लर हेरिटेज ट्रस्टकडे कारखान्याची जुनी दप्तरं आहेत. आपली गाडी आपलीच असल्याचा पुरावा आणि नंबर कळवले की फी घेऊन ते प्रमाणपत्र देतात. त्यात चारही नंबर, बॉडीचा रंग, आतल्या चामड्याचा रंग, बनल्याची आणि पाठवल्याची तारीख आणि गाडी कोणत्या विक्रेत्याकडे गेली ते नमूद असतं. एमजी, ऑस्टिन-हीली, ट्रायम्फ यांची दप्तरं गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये. प्रमाणपत्राची मर्यादाही लक्षात ठेवावी: कारखान्यातून काय निघालं तेवढंच ते सांगतं. समोर उभी असलेली गाडी तीच आहे, हे ठरवायचं काम धातूवरच्या नंबराचं.

ऑस्टिन-हीली १००एम हे याचं उत्तम उदाहरण. कारखान्याने अशा ६४० गाड्या केल्या, ११० हॉर्सपॉवरच्या, बॉनेटवर झरोक्यांच्या ओळी आणि आडवा चामडी पट्टा असलेल्या. पण त्यातलं इंजिनचं सामान किट म्हणून सुटंही विकलं जाई, आणि साध्या हीलीच्या मालकांनी ते त्याच काळात बसवून घेतलं. अशी गाडी खोटी म्हणायची का? किट कंपनीचंच, काळ तोच, बसवणारा हात फक्त कारखान्याचा नव्हे. माझ्या मते ती प्रामाणिक गाडी आहे, फक्त ६४०मधली नाही. दप्तरात ते स्पष्ट होतं, एरवी बॉनेटचे झरोके मोजत बसावं लागेल.

आपल्या बाजूचे कागद याहून गुंतागुंतीचे. पहिली गोष्ट, या गाड्या इथे यायला अवधीच थोडा मिळाला. १९५३च्या टॅरिफ कमिशननंतर सरकारचा भर देशात गाड्या बनवण्यावर गेला, जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला आणि तयार परदेशी गाडी आणणं दुर्मीळ झालं. दुसरी गोष्ट राज्याची. १ मे १९६०पूर्वी सुरत मुंबई राज्यात होतं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या गाडीचा पहिला कागद मुंबई राज्याचा. पुढे गुजरातचा नंबर, मग १९८९च्या नव्या पद्धतीत जीजे-०५. प्रत्येक बदलाच्या वेळी कोणी तरी हाताने आकडे उतरवले. डब्ल्यूचा एम झाला, शेवटची रेघ आणि ७ गळून गेले, उत्पादनाच्या सालाच्या रकान्यात नोंदणीचं साल पडलं. म्हणून आरसी बुकातला नंबर धातूशी जुळत नाही म्हणजे गाडी चोरीची, असा निष्कर्ष लगेच काढू नये. चूक कशी झाली ते आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर बहुधा कळतं. त्यात ऑगस्ट २००६मध्ये उकाई धरणाचं पाणी सुटून तापीला पूर आला आणि सुरतेचा फार मोठा भाग बुडाला. तळमजल्यावर गाडी आणि कपाटात तिचे कागद, हे दोन्ही ज्या घरांत होते तिथे दोन्ही भिजले.

तिसरी गोष्ट सुट्या भागांची. पार्ट मिळेनात म्हणून आपल्या मिस्त्रींनी जमेल ते केलं. मोठमोठ्या परदेशी गाड्यांत पेट्रोल वाचवायला डिझेल इंजिनं बसली, अँबॅसेडरचे भाग लागले, पत्रे हाताने ठोकून नवे केले गेले. आज त्याला नावं ठेवण्याची फॅशन आहे. मला ते पटत नाही. त्या जुगाडामुळेच तर गाडी भंगारात न जाता उभी राहिली. इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे आवश्यक असतं, आणि ती नोंद सापडली तर मूळ इंजिन कधी गेलं याची तारीखच हाती लागते.

संस्थानिकांच्या गाड्यांत आणखी एक पेच असतो. राजकोटच्या धर्मेंद्रसिंहजींसाठी १९३४मध्ये घेतलेली केशरी रोल्स-रॉइस, ‘स्टार ऑफ इंडिया’ या नावाने प्रसिद्ध झालेली, फँटम टू कॉन्टिनेन्टल जातीची आहे. कॉन्टिनेन्टल म्हणजे आखूड चासीची, कडक स्प्रिंगांची, लांब पल्ल्यावर वेगाने जायची रोल्स. अशा तीनशेपेक्षा कमी झाल्या. चासी डर्बीच्या कारखान्यात बनली, बॉडी लंडनच्या थ्रप अँड मॅबर्ली या कोचबिल्डरकडे. म्हणजे मूळ स्पेसिफिकेशनच दोन कारखान्यांत वाटलेलं. रोल्सच्या चासी कार्डांवर धुरा, स्प्रिंगा, स्टिअरिंगचा कल सापडतो, ती कार्डं इंग्लंडातल्या रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबने जपली आहेत. बॉडीसाठी मात्र जुनी छायाचित्रं आणि घरातल्या आठवणींवर बरीच भिस्त ठेवावी लागते. राजकोटची गाडी परदेशी गेली आणि पुढे त्याच घराण्याने परत आणली. सगळ्यांच्या नशिबी ते नसतं.

मग सगळं बदलूनही गाडी ‘तीच’ राहते का? हा प्रश्न १९९०मध्ये लंडनच्या हायकोर्टात गेला होता. बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’ ही स्पीड सिक्स गाडी १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. मालकाने ती सुमारे एक कोटी पौंडांना विकायचं ठरवलं. नंतर घेणारी कंपनी मागे हटली: ही ती गाडी नव्हेच, म्हणाली. खोटं नव्हतं ते. ल मांनंतर ती शर्यतींत धावत राहिली, १९३२मध्ये ब्रुकलंड्सला तिला जीवघेणा अपघात झाला, पुन्हा बांधली गेली आणि १९२९च्या गाडीतलं फारच थोडं तिच्यात उरलं. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल मालकाच्या बाजूने दिला. भाग बदलत गेले तरी गाडीचं अस्तित्व कुठे तुटलं नाही, तिच्या जागी दुसरी कोणी उभी राहिली नाही, म्हणून ‘ओल्ड नंबर वन’ हे नाव हिचंच, असा त्याचा आशय. ‘मूळ जशीच्या तशी’ मात्र तिला म्हणता येणार नाही, हेही त्यात आलं.

आपल्याकडच्या नियमाचा कल नेमका उलट आहे. जुलै २०२१मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी, नंबरात व्हीए ही अक्षरं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कामांपुरती. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. ठरवणार राज्याची समिती. लंडनच्या न्यायाधीशाने पास केलेली ती बेंटली या समितीपुढे आली असती तर काय झालं असतं, कोणास ठाऊक.

जानेवारी २०२३मध्ये सुरतेपासून दीडशे किलोमीटरवर, वडोदऱ्याला गायकवाडांच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात ‘२१ गन सॅल्यूट’ ही जुन्या गाड्यांची मोठी स्पर्धा भरली होती. अहमदाबादजवळ कठवाड्याला दिवंगत प्राणलाल भोगीलाल यांचा शंभरावर जुन्या गाड्यांचा संग्रह आहे. असं काही पाहून आलं की आपल्याही गाडीला चकाकी आणावी असं वाटणं स्वाभाविक. पण क्रम चुकवू नये. आधी फोटो, मग नंबर, मग चासी प्रिंट, मग इंग्लंडला पत्र, आणि तिकडचं उत्तर येईपर्यंत डेंटरला थोपवून धरावं. उत्तरात रंग हिरवा निघाला, कॉम्प्रेशन सातच निघालं, चाकं साध्या डिस्कची निघाली, तर तसंच करावं. निघालेले जुने भाग, अगदी कुठलं तरी डिझेल इंजिन असलं तरी, कोणत्या तारखेला कुठून काढले याची चिठ्ठी बांधून ठेवावेत. भंगारवाल्याला वजनावर घालू नयेत. पुढचा मालक तेच आधी विचारणार आहे.